वृद्धांचे स्मृतिरक्षण : आधी व्यक्ती, मग औषध

वैद्यकव्यवसायात असलेल्या आपणा सर्वांच्या कानी अलीकडे एक मागणी वारंवार येऊ लागली आहे. ‘‘आईला हल्ली काही लक्षात राहत नाही, स्मरणशक्तीचे चांगलेसे औषध द्या.’’ कधी मुलगा चिकित्सालयात येऊन ही मागणी करतो, कधी सून औषधालयाच्या काउंटरवर. ज्यांच्यासाठी औषध हवे ते वृद्ध बहुतेक वेळा सोबत नसतात. गर्दीच्या वेळी फळीवरील ब्राह्मीयुक्त कल्पाची एखादी बाटली हाती दिली जाते आणि व्यवहार तेथेच संपतो. प्रस्तुत लेखात आम्हांस याच व्यवहाराचा विचार करावयाचा आहे.

साठ वर्षांवरील भारतीयांमधील स्मृतिभ्रंशाचा राष्ट्रीय पातळीवरील एक महत्त्वाचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार या वयोगटात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के असून रुग्णांची संख्या सुमारे ८८ लाख आहे. स्त्रिया, ग्रामीण भागातील वृद्ध आणि शालेय शिक्षणापासून वंचित राहिलेले वृद्ध यांच्यात हे प्रमाण अधिक आढळले. तज्ज्ञांपर्यंत पोहोचणे ज्यांना सर्वांत अवघड, त्यांच्याच वाट्याला हा व्याधी अधिक आला आहे. हेच लोक खेडोपाडी आणि शहरांच्या वस्त्यांमध्ये प्रथम आपल्याकडे येतात. म्हणून या विषयात वैद्य आणि औषधविक्रेता यांची जबाबदारी मोठी आहे. ही जबाबदारी पार पाडण्यासाठी नवे औषध शोधण्याआधी समोरची व्यक्ती कोण आहे हे पाहावे लागेल, असे आमचे नम्र मत आहे.

शास्त्रातील वार्धक्य व स्मृती

चरकसंहितेच्या विमानस्थानातील रोगभिषग्जितीय अध्यायात वयाचे बाल, मध्य आणि जीर्ण असे विभाग सांगून साठ वर्षांनंतरच्या काळास जीर्णवय म्हटले आहे. या वयात धातू, इंद्रिये व बल यांच्यासह ग्रहण, धारण, स्मरण, वचन आणि विज्ञान यांचाही क्रमाक्रमाने ऱ्हास होतो व वाताचे प्राधान्य असते, असे तेथील वर्णन आहे. येथे ग्रहण आणि स्मरण ही दोन वेगळी कर्मे मानली आहेत, ही गोष्ट चिकित्सकाने विशेष ध्यानात ठेवावी. जे कानांनी नीट ऐकलेच नाही, म्हणजे ज्याचे ग्रहणच झाले नाही, ते आठवणार कसे? विस्मृतीची तक्रार घेऊन आलेल्या पुष्कळ वृद्धांत मूळ दोष स्मरणाचा नसून ग्रहणाचा असतो.

शार्ङ्गधरसंहितेच्या प्रचलित पाठानुसार आयुष्याच्या प्रत्येक दशकात एकेका भावाचा ऱ्हास सांगितला आहे. त्यात मेधेचा ऱ्हास चौथ्या दशकात, तर बुद्धीचा नवव्या दशकात येतो. नवी गोष्ट झटकन आत्मसात करण्याचे सामर्थ्य लवकर मंदावते, परंतु सारासार विचार दीर्घकाळ टिकतो, असा याचा व्यावहारिक अर्थ आम्ही घेतो. सत्तरीतील गृहस्थास शेजाऱ्याचे नाव क्षणभर आठवले नाही, एवढ्यावरून त्यास रोगी ठरविणे योग्य नव्हे. मात्र तेच गृहस्थ रोजच्या वाटेने घरी परतताना चुकू लागले, तर ‘‘वय झाले’’ म्हणून सोडून देणेही तितकेच अयोग्य.

सुश्रुताचार्यांनी रसायनाचा प्रयोग पूर्व किंवा मध्य वयात करावा असे म्हटले आहे. स्मृतिरक्षणाचे कार्य सत्तरीत सुरू करावयाचे नसून चाळिशी-पन्नाशीत करावयाचे आहे, हाच त्याचा बोध. रक्तदाब व मधुमेह यांचे मेंदूवरील दुष्परिणाम मध्यमवयापासून साठत जातात, हे आज सर्वमान्य आहे.

वृद्ध म्हटले की एकच चित्र नको

आपल्या नियतकालिकांत वृद्धांविषयी लिहिले जाते तेव्हा बहुधा पेन्शनर गृहस्थ डोळ्यांपुढे असतात. ते सकाळी वृत्तपत्र वाचतात, शब्दकोडे सोडवितात, बागेत फिरावयास जातात. परंतु महाराष्ट्रातील वृद्ध एवढेच नाहीत. मराठवाड्यात शाळेचे तोंडही न पाहिलेल्या, आयुष्यभर शेतात राबलेल्या आजी आहेत. मुंबईच्या गिरणगावात १९८२ च्या संपानंतर काम सुटलेले गिरणी कामगार आहेत. यंत्रांच्या अखंड आवाजात काम केल्याने त्यांपैकी अनेकांची श्रवणशक्ती क्षीण झाली आहे. सोलापुरात घरी तेलुगू व बाहेर मराठी बोलणारे विणकर आहेत, मालेगावात उर्दू बोलणारे यंत्रमाग कामगार आहेत, उल्हासनगरात फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे आहेत, मेळघाटात कोरकू आणि नंदुरबारात भिल्ली बोलीत विचार करणारे वृद्ध आहेत. कोकणातील कित्येक घरांत केवळ दोन वृद्ध जीव उरले असून मुले मुंबईस किंवा परदेशी आहेत.

या सर्वांना ‘‘रोज शब्दकोडे सोडवा, अक्रोड खा आणि अमुक सिरप घ्या’’ असा एकच सल्ला देणे म्हणजे प्रकृती, देश, काल, सात्म्य व सत्त्व यांचा विचार न करता चिकित्सा करणे होय. प्रत्येक व्यक्तीस स्वतंत्रपणे पाहून औषधयोजना करावी, हा तर आपल्या शास्त्राचा पायाभूत आदेश आहे.

परीक्षा : कोणाला काय विचारावे

स्मृतिपरीक्षेसाठी जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. तीत तारीख सांगणे, शंभरातून सात-सात वजा करीत जाणे, वाक्य लिहिणे, आकृती उतरविणे अशी कामे आहेत. ज्यांनी कधी पाटी-पेन्सिल हाती धरली नाही, ते या परीक्षेत निरोगी असूनही मागे पडतात. हरियाणातील बल्लभगड येथे काम करणाऱ्या संशोधकांनी १९९५ साली या प्रश्नावलीचे हिंदी रूपांतर प्रसिद्ध केले, तेव्हा हीच अडचण लक्षात घेतली होती. लिहिलेली सूचना वाचून डोळे मिटावयास सांगण्याऐवजी ‘‘माझ्याकडे पाहा आणि मी करतो तसे करा’’ असे सांगण्यात आले. वाक्य लिहिण्याऐवजी स्वतःच्या घराविषयी काही सांगावयास सांगण्यात आले. प्रश्न बदलला, पण तपासावयाची शक्ती तीच राहिली.

हेच तत्त्व आपल्या चिकित्सालयात सहज आचरता येते. इंग्रजी तारखेऐवजी तिथी, सणवार, आठवडी बाजाराचा दिवस विचारावा. वजाबाकीऐवजी ‘‘शंभराची नोट दिली, पस्तीस रुपयांची भाजी घेतली, किती परत येतील?’’ असे विचारावे. शेतकऱ्यास पेरणी होऊन किती दिवस झाले, शेवटचा पाऊस केव्हा झाला हे विचारावे. रुग्णाची मातृभाषा आपणांस येत नसेल, तर घरातील व्यक्तीकडून प्रश्न विचारून घ्यावेत. मात्र त्या व्यक्तीने उत्तर सुचवू नये याची काळजी घ्यावी.

शिक्षण नाही म्हणजे स्मृती दुर्बळ, असा समज असेल तर तो सोडून द्यावा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या. हे सारे भांडार ज्या स्त्रियांनी केवळ स्मृतीत जपले, त्यांपैकी बहुसंख्य निरक्षर होत्या. तथापि येथे एक दक्षता हवी. बालपणापासून पाठ असलेल्या ओव्या, अभंग वा आयते स्मृतिभ्रंश झाल्यावरही बराच काळ म्हणता येतात. ‘‘आजीला सगळा हरिपाठ पाठ आहे, तिला काय झाले आहे?’’ असे घरचे म्हणतात, तेव्हा आजच्या सकाळी काय घडले हे आजींना विचारून पाहावे.

सर्वांत विश्वसनीय कसोटी म्हणजे त्या व्यक्तीची तिच्याच पूर्वीच्या अवस्थेशी तुलना. स्वयंपाकात मीठ दोनदा पडू लागले काय? हिशेब चुकू लागला काय? तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली जाते काय? गोळ्या घेतल्या की नाही हे समजत नाही काय? गेल्या सहा महिन्यांत वा वर्षभरात हे वाढत चालले आहे काय? या प्रश्नांना अक्षरओळखीची गरज नाही. ते सोबतच्या नातेवाइकास स्वतंत्रपणे विचारावेत, रुग्णादेखत विचारून त्याची मानहानी करू नये.

दुरुस्त होण्याजोगी विस्मृती

अशोधित शरीरावर केलेले रसायन म्हणजे मळलेल्या वस्त्रावर चढविलेला रंग, हा दृष्टांत आपणांस परिचित आहे. विस्मृतीच्या बाबतीत तो आणखी व्यापक अर्थाने लागू पडतो. मूळ कारण तसेच राहू देऊन वर मेध्य औषध दिल्यास काही महिने वाया जातात, आणि तेवढ्यात दुरुस्त होण्याजोगा व्याधी दुरुस्तीपलीकडे जाऊ शकतो.

जीवनसत्त्व बी-१२ ची न्यूनता हे याचे ठळक उदाहरण. पुण्यातील संशोधकांनी ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. त्यात ६७ टक्के पुरुषांच्या रक्तात बी-१२ कमी आढळले. शाकाहार हे त्यामागील प्रमुख कारण होते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ही न्यूनता अधिक संभवते. हातापायांत मुंग्या, चालताना तोल जाणे आणि विस्मृती असा रुग्ण आल्यास केवळ वातवृद्धी म्हणून थांबू नये. रक्ततपासणी करवून घ्यावी. अवटू ग्रंथीची मंदता, नैराश्य, निद्रानाश, मद्यपान आणि रक्तातील साखर अति कमी होणे हीदेखील विस्मृतीची सामान्य कारणे आहेत. पती वा पत्नीच्या निधनानंतर अबोल झालेल्या वृद्धाची विस्मृती पुष्कळदा नैराश्याचीच असते.

रुग्ण घेत असलेली सर्व औषधे पाहिल्याशिवाय कोणतेही नवे औषध देऊ नये. सर्दीच्या गोळ्यांतील काही जुनी ॲलर्जीरोधक द्रव्ये, झोपेच्या गोळ्या आणि मूत्रवेग आवरण्यासाठी दिली जाणारी काही औषधे वृद्धांत स्मृतिमांद्य आणतात. रुग्णास औषधांची पिशवीच घेऊन येण्यास सांगावे. ही एक सवय अनेक उपद्रव टाळते.

पुढील लक्षणांत विलंब न करता रुग्णालयात पाठवावे : काही तासांत वा दिवसांत अचानक आलेला गोंधळ, पडल्यानंतर वाढत जाणारी झोपाळूपणाची वा डोकेदुखीची तक्रार, शरीराच्या एका बाजूची दुर्बलता, ज्वरासह असंबद्ध बोलणे, आकडी. विस्मृतीबरोबर चाल बिघडणे व मूत्रावर नियंत्रण न राहणे ही त्रयी आढळल्यास मज्जातज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. त्यातील काही रुग्णांस शस्त्रकर्माने लाभ होतो.

मेध्य द्रव्ये आणि विवेक

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानातील करप्रचितीय रसायनपादात मंडूकपर्णीचा स्वरस, यष्टीमधूचे चूर्ण दुधासह, गुडूचीचा स्वरस आणि शंखपुष्पीचा कल्क अशी चार मेध्य रसायने सांगून शंखपुष्पीस विशेष मेध्य म्हटले आहे. ही चारही द्रव्ये सर्व वृद्धांस सरसकट द्यावीत असा त्याचा अर्थ नाही.

यष्टीमधूचेच उदाहरण घेऊ. त्यातील ग्लिसिऱ्हायझिन या घटकामुळे दीर्घकालीन व अधिक मात्रेतील सेवनाने रक्तदाब वाढतो आणि रक्तातील पोटॅशियम घटते. उच्च रक्तदाब स्वतःच स्मृतीचा शत्रू आहे. रक्तदाबासाठी मूत्रल गोळी घेणाऱ्या वृद्धास स्मरणशक्तीसाठी यष्टीमधू देत राहिल्यास एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाते.

शंखपुष्पीबाबत प्रथम द्रव्यनिश्चितीचा प्रश्न आहे. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाने कॉन्व्होल्व्हुलस प्लुरिकॉलिस ही वनस्पती शंखपुष्पी म्हणून स्वीकारली आहे. परंतु बाजारात विष्णुक्रांता, तर केरळात गोकर्ण हेही शंखपुष्पी म्हणून वापरले जाते. ब्राह्मीची गत तशीच. बाकोपा मोनिएरी ही जलब्राह्मी आणि सेंटेला एशियाटिका ही मंडूकपर्णी या दोन भिन्न वनस्पती असूनही आपल्याकडे दोहोंना ‘ब्राह्मी’ म्हणतात. एकीवर झालेल्या संशोधनाचा दाखला देऊन दुसरी विकली जाणे हे शास्त्रास आणि ग्राहकास दोघांनाही धरून नाही. औषधालयांनी खरेदी करताना पुरवठादाराकडून वनस्पतीच्या शास्त्रीय नावाचा लेखी उल्लेख अवश्य मागावा.

दुसरा मुद्दा औषधांच्या परस्परक्रियेचा. शंखपुष्पीयुक्त कल्प आणि अपस्मारावरील फेनिटॉइन हे औषध एकत्र घेतल्यास फेनिटॉइनचे रक्तातील प्रमाण घटते, असे १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात दिसून आले. आटोक्यात आलेल्या आकड्या पुन्हा येऊ लागल्याने हा प्रकार लक्षात आला होता. पक्षाघातानंतर आकडीचे औषध घेणारे कितीतरी वृद्ध स्मरणशक्तीसाठी शंखपुष्पी मागावयास येतात, याचे भान ठेवावे. सारस्वतारिष्टासारख्या संधानकल्पांत स्वयंजनित मद्यांश असतो आणि गूळ-साखरही असते. मधुमेही, यकृतविकारी, झोपेची गोळी घेणारे आणि धर्मनिष्ठेने मद्यांश वर्ज्य मानणारे अशा रुग्णांस हे आधी स्पष्ट सांगावे. अग्निमांद्य असलेल्या कृश वृद्धास ब्राह्मीघृत पूर्ण मात्रेत देण्यापूर्वी पचनाचा विचार करावा.

ब्राह्मीच्या परिणामाबद्दल काय म्हणता येईल? अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६५ वर्षांवरील ५४ निरोगी व्यक्तींना बारा आठवडे बाकोपाचा प्रमाणित अर्क अथवा निष्क्रिय गोळी देण्यात आली. अर्क घेणाऱ्यांचे शब्दस्मरण काही अंशी सुधारले. पोटाच्या तक्रारी मात्र काहींना झाल्या. हा निष्कर्ष उत्साहवर्धक आहे, पण तो निरोगी वृद्धांविषयीचा आहे. त्यावरून स्मृतिभ्रंश टळतो किंवा बरा होतो असे म्हणता येत नाही. गिंको या वनस्पतीचे उदाहरण येथे बोलके आहे. जगभर स्मरणशक्तीसाठी विकल्या जाणाऱ्या या द्रव्याची ७५ वर्षांच्या व त्यापुढील ३०६९ व्यक्तींवर सुमारे सहा वर्षे परीक्षा झाली. २००८ साली जाहीर झालेला निकाल असा की, त्याने स्मृतिभ्रंश टळला नाही. आपल्या द्रव्यांचीही अशीच दीर्घ परीक्षा व्हावी, आणि ती होईपर्यंत आपला दावा मर्यादित असावा, हेच शास्त्रनिष्ठेस शोभते.

इंद्रिये, रक्तवाहिन्या आणि संगती

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची बदलता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. अल्पशिक्षण, श्रवणदोष, दृष्टिदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, स्थौल्य, व्यायामाचा अभाव, धूम्रपान, अतिमद्यपान, डोक्यास मार, नैराश्य, एकाकीपणा आणि हवेचे प्रदूषण ही ती कारणे होत. ती सर्व दूर करता आली, तर सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू वा लांबू शकेल असा त्यांचा अंदाज आहे. या यादीकडे पाहिल्यास निदानपरिवर्जनाचे महत्त्व पुन्हा सिद्ध होते. शिवाय प्रत्येक वृद्धाच्या वाट्यास यातील वेगळी कारणे येतात. चुलीच्या धुरात आयुष्य काढलेल्या आजींचे कारण एक, गिरणीत कान गमावलेल्या आजोबांचे दुसरे, फ्लॅटमध्ये दिवसभर एकट्या बसणाऱ्या बाईंचे तिसरे.

श्रवणाचे महत्त्व दाखविणारा एक अमेरिकी अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. ७० ते ८४ वर्षांच्या ९७७ व्यक्तींत श्रवणयंत्राचा उपयोग तीन वर्षे पाहण्यात आला. सर्वांचा एकत्रित विचार करता फरक दिसला नाही. परंतु ज्यांना धोका मुळातच अधिक होता त्या गटात बौद्धिक ऱ्हासाची गती ४८ टक्क्यांनी मंदावली. एकच उपाय सर्वांस सारखा लागू पडत नाही, याचे याहून स्पष्ट प्रमाण कोणते? चरकसंहितेच्या मात्राशितीय अध्यायात नित्य कर्णतर्पणाने बाधिर्य होत नाही असे म्हटले आहे. तथापि कानातून स्राव होत असेल किंवा पडदा फाटलेला असेल, तर तैल घालू नये. कानात मळ साठला आहे काय हे आधी पाहावे; पुष्कळदा तेवढ्याने ‘विसराळू’ आजोबा संभाषणात परत येतात. मोतीबिंदूबाबतही असेच.

रक्तदाबाविषयी २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ९३६१ व्यक्तींच्या अभ्यासात वरचा रक्तदाब १२० पर्यंत खाली आणण्याचे लक्ष्य ठेवलेल्या गटात सौम्य बौद्धिक ऱ्हासाचे प्रमाण १४० चे लक्ष्य ठेवलेल्या गटापेक्षा १९ टक्क्यांनी कमी आढळले. अर्थात अतिवृद्ध, कृश आणि उठताच चक्कर येणाऱ्या रुग्णांत लक्ष्य त्यांच्या चिकित्सकानेच ठरवावे. आपण प्रत्येक भेटीत रक्तदाब मोजावा, पापड-लोणचे-खारवलेल्या मासळीतील मिठाबद्दल बोलावे, मिश्री व तंबाखू सोडवावी, आणि चालू असलेल्या गोळ्या परस्पर बंद करावयास कधीही सांगू नये.

स्मृतीची आठ कारणे : व्यवहारात

शारीरस्थानातील कतिधापुरुषीय अध्यायात स्मृती उत्पन्न होण्याची आठ कारणे दिली आहेत. वृद्धांसाठी यांहून सोपा आणि स्वस्त पाठ आम्हांस दिसत नाही. निमित्तग्रहण म्हणजे कारणाशी जोडणे. रक्तदाबाची गोळी सकाळच्या चहाशी जोडावी. रूपग्रहण म्हणजे आकृती ध्यानी घेणे. निरक्षर रुग्णाच्या पुडीवर सूर्य आणि चंद्र काढून द्यावेत. सादृश्य म्हणजे साम्य. नव्या शेजाऱ्याचे नाव ओळखीच्या नातलगाच्या नावाशी जुळवून ठेवावे. सविपर्यय म्हणजे विरोध. सकाळच्या आणि रात्रीच्या डब्यांची झाकणे भिन्न रंगांची असावीत. सत्त्वानुबंध म्हणजे मन लावणे. वृद्धाशी महत्त्वाचे बोलताना दूरदर्शन संच बंद करावा. अभ्यास म्हणजे नित्य आवर्तन. ज्याची जी परंपरा असेल, भजन, कुराणपठण, बुद्धवंदना, चर्चमधील गीत वा पाड्यावरील गाणे, ती चालू ठेवावी आणि तीत दर आठवड्यास काही नवे पाठ करावे. ज्ञानयोग म्हणजे यथार्थ आकलनाची जोड. औषध कशासाठी आहे हे वृद्धास समजावून सांगावे, केवळ हुकूम करू नये. पुनःश्रवण म्हणजे पुन्हा ऐकणे. आपण सांगितलेली मात्रा रुग्णाकडून एकदा वदवून घ्यावी.

भाषेविषयी एक गोष्ट येथे नमूद करणे उचित होईल. हैदराबाद येथे ६४८ स्मृतिभ्रंशग्रस्तांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत व्याधीचा आरंभ सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाल्याचे त्यात आढळले, आणि हा फरक निरक्षरांतही दिसला. घरी कोकणी वा तेलुगू, बाजारात मराठी, नातवंडांशी हिंदी असा व्यवहार करणाऱ्या वृद्धास ‘‘शुद्ध बोला’’ म्हणून गप्प करू नये.

फिनलंडमध्ये ६० ते ७७ वर्षांच्या १२६० व्यक्तींना दोन वर्षे आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबादींची देखरेख असा एकत्रित क्रम देण्यात आला. २०१५ साली त्याचा लाभ जाहीर झाला. अमेरिकेत विविध वंशांच्या २१११ वृद्धांवर असाच प्रयोग होऊन २०२५ साली निकाल आला. तेथे केवळ सल्ला मिळालेलेही सुधारले, परंतु नियमित भेटी व पाठपुरावा लाभलेले अधिक सुधारले. दिनचर्या, सद्वृत्त आणि आचाररसायन यांची एकत्र योजना करणाऱ्या शास्त्रास हा विचार अपरिचित नाही. पाठपुरावा हाच त्यातील निर्णायक भाग आहे, आणि तो गल्लीतील वैद्याइतका सहजपणे दुसरा कोण करू शकेल?

औषधविक्रेत्यांस विनंती

स्मरणशक्तीचे औषध मागणाऱ्या ग्राहकास बाटली देण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. औषध कोणासाठी व वय काय? त्रास केव्हापासून, अचानक की हळूहळू? सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? मधुमेह, रक्तदाब वा आकडी आहे काय? ऐकू आणि दिसते नीट काय? दोन मिनिटांत हे होते. उत्तर शंकास्पद असल्यास बाटलीऐवजी वैद्याचा सल्ला सुचवावा. एका विक्रीचा नफा जाईल, परंतु ते कुटुंब पुढील वीस वर्षे आपल्या दुकानाची पायरी सोडणार नाही.

‘स्मृतिभ्रंश हमखास बरा’ अशा पाट्या लावू नयेत. औषधांसंबंधी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींस १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, आणि निराश कुटुंबाचे पैसे व वेळ त्यात जातात हे त्याहून गंभीर. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा आपल्या व्यवसायावर मोठा आघात झाला होता. शिसे मेंदूस थेट अपाय करते. वनौषधींसाठी शिसे १० पीपीएम, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएम या मर्यादा ठरलेल्या आहेत. स्मृतिरक्षणासाठी विकल्या जाणाऱ्या औषधाचा तपासणी अहवाल तरी निर्मात्याकडून मागून घ्यावाच.

घरी सांभाळ करणाऱ्यांकडेही लक्ष असावे. रात्रंदिवस राबणारी सून वा वृद्ध पत्नी स्वतःच खचलेली असते. वृद्धांसाठीचा राष्ट्रीय दूरध्वनी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठीचा १४४१६ हे क्रमांक दुकानात ठळकपणे लावणे कोणासही शक्य आहे.

विस्मृतीची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येक वृद्धाच्या मागे एक संपूर्ण आयुष्य उभे असते : त्याची भाषा, त्याचे कष्ट, त्याचे कान, त्याचे घर. ते पाहून दिलेले साधे गुडूचीचे चूर्णही सार्थकी लागेल. न पाहता दिलेले सुवर्णयुक्त रसायन व्यर्थ जाईल. येत्या तिमाहीत प्रत्येक सभासदाने आपल्याकडील साठीपुढील रुग्णांची श्रवण, दृष्टी, रक्तदाब, रक्तशर्करा आणि चालू औषधे यांची नोंद ठेवण्यास आरंभ करावा, अशी आमची विनंती आहे. एक साधी वही एवढ्यासाठी पुरेशी आहे.